केबिनमधलं घर, चोवीस व्होल्टांचं

कळंबोलीला लोखंड उतरवायला किंवा न्हावा शेव्याला कंटेनर सोडायला आलेल्या गाड्यांची रांग लागली, की नंबर कधी लागेल हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. कधी चार तास, कधी अख्खी रात्र. अशा रांगेत दिवेलागणीनंतर एखाद्या केबिनमध्ये डोकावून पाहावं. डॅशबोर्डवर दोन मोबाइल चार्जिंगला लावलेले असतात, एक ड्रायव्हरचा आणि एक क्लीनरचा. काचेजवळ छोटा पंखा गरगरत असतो. साईबाबांच्या नाहीतर खंडोबाच्या फोटोभोवती एलईडीची माळ पळत असते. म्युझिक सिस्टिम असतेच. मालकाने बसवलेलं जीपीएसचं यंत्र असतं, काही गाड्यांत कॅमेराही असतो. आणि मागच्या बर्थखाली, घड्या घातलेल्या चादरींच्या आड, एक इन्व्हर्टर असतो. त्यावर दाढीचं मशीन चालतं, चहाची किटली चालते, एखाद्या हौशी गाडीत मिक्सरही चालतो.

हे सगळं ज्या वायरिंगवर चालतं, ते आखलं गेलं हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर आणि सेल्फ यांच्यासाठी. लांब पल्ल्याचा ड्रायव्हर महिन्यातला बराचसा काळ या सहा-सात फुटांच्या खोलीत काढतो, तिथेच जेवतो, तिथेच झोपतो. ट्रक त्याचं घर झाला, पण घराला जसा मीटर, मेन स्विच आणि फ्यूजबोर्ड असतो तसं काही या घराला कुणी दिलं नाही. जे झालं ते एकेका वायरीने, एकेका जॉइंटने, हायवेवरच्या एकेका इलेक्ट्रिशियनच्या टपरीवर होत गेलं.

यामागे पैशाचं एक साधं गणित आहे. डिझेल, टायर, बॅटरी हा मालकाचा खर्च. पंखा, किटली, इन्व्हर्टर ही ड्रायव्हरची ‘चैन’, म्हणजे खर्च त्याच्या खिशातला. साहजिकच इन्व्हर्टर स्वस्तातला येतो आणि त्याला जोडायची वायर त्याहून स्वस्तातली येते. ही बचत पुढे मालकाच्या बॅटऱ्यांवर वसूल होते, आणि वाईट दिवस असला तर संपूर्ण गाडीवर.

सुरुवात लायटरच्या सॉकेटपासून करू, कारण बहुतेकांची वीज तिथूनच निघते. ते सॉकेट मुळात सिगारेट पेटवण्यासाठी होतं. एक गुंडाळी काही सेकंद लाल करायची, झालं काम. तासन् तास वीज पुरवण्यासाठी त्याचा जन्म नाही. त्याच्या मागे साधारण १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. १२ व्होल्टच्या पिकअपमध्ये १० अँपिअर म्हणजे १२० वॉट, २४ व्होल्टच्या मोठ्या ट्रकमध्ये २४० वॉट. मोबाइलचे चार्जर, लॅपटॉप, छोटा पंखा हे सगळं त्यात बसतं. त्यापलीकडचं काही बसत नाही.

अडचण अशी, की या सॉकेटमध्ये पिन स्प्रिंगच्या दाबावर टेकलेली असते. खड्ड्यातून गाडी गेली की ती हलते, मग काजळते. समजा, त्या सांध्याचा विरोध ओहमच्या फक्त विसाव्या हिश्शाइतका झाला. १० अँपिअर वाहत असताना तिथे ५ वॉट उष्णता तयार होते, तीही हरभऱ्याएवढ्या जागेत. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट, म्हणजे २० वॉट. प्लॅस्टिक वितळायला तेवढं पुष्कळ झालं. म्हणून एका सॉकेटमध्ये तीन तोंडांचा अडॅप्टर, त्यात आणखी एक अडॅप्टर अशी उतरंड लावली, की आधी पिन गरम होते. हात लावून पाहावं. बोट टेकवत नसेल तर काहीतरी काढायची वेळ झालेली असते.

फ्यूज उडाला की काय होतं, हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत आहे. तारेचे दोन वेढे घातले जातात, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी गुंडाळली जाते. गाडी चालू होते, गाणीही चालू होतात. फ्यूज वाचवत असतो वायरीला, उपकरणाला नव्हे. दीड एमएमच्या वायरीवर १५ अँपिअरचा फ्यूज असेल, तर शॉर्ट झाल्यावर तो जातो आणि वायर थंड राहते. तिथे तार बसवली की वायरच फ्यूज होते, फक्त ती वितळते ती छताच्या रेक्झिनमागे, फोमला चिकटून, खाली झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर. पात्याच्या फ्यूजना रंग असतात: १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. लाल उडाला म्हणून हिरवा लावणं हेही तार गुंडाळण्यासारखंच, फक्त दिसायला सभ्य. टपरीवर फ्यूज पाच-दहा रुपयांना मिळतात. चारही रंगांची एक पुडी डॅशबोर्डमध्ये असणं ही काही फार मोठी मागणी नाही.

आता मोठ्या ट्रकमधला खास आपल्याकडचा आजार. आयशर, टाटा, लेलँडच्या जड गाड्यांमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. पण बाजारातली म्युझिक सिस्टिम, कारचा पंखा, स्वस्त कॅमेरा हे सगळं १२ व्होल्टचं. ड्रायव्हर टपरीवर जातो आणि म्हणतो, “मिस्त्री, बारा व्होल्टची लाइन काढून द्या.” मिस्त्री दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या पट्टीवरून एक वायर उचलतो, बॉडीला अर्थ देतो, आणि खरोखरच १२ व्होल्ट मिळतात. काम दहा मिनिटांचं, गाणं सुरू, दोघेही खूश.

पण गाणं एकाच बॅटरीवर वाजत असतं. इंजिन चालू झाल्यावर डायनामो दोन्ही बॅटऱ्यांना मिळून साधारण २८ व्होल्ट देतो. त्याच्या लेखी दोघी सारख्याच, प्रत्येकीला १४. प्रत्यक्षात एक उपाशी आणि एक भरलेली. एकाच जुवाला जुंपलेल्या बैलजोडीतल्या एकाकडूनच मोट ओढून घ्यावी आणि वैरण मात्र दोघांना मोजून सारखी टाकावी, तसं हे. उपाशी बॅटरी १४ पर्यंत पोचतच नाही. तिचा राहिलेला वाटा भरलेलीच्या वाट्याला येतो, ती १५ च्या पुढे जाते आणि तिचं पाणी उकळून उडतं. उपाशी बॅटरीच्या प्लेटवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. काही महिन्यांत एक तहानेने जाते, दुसरी भुकेने. मग मालक येतो, बॅटरीवाल्याला शिव्या घालतो आणि खर्च वाचवायला फक्त मेलेली बॅटरी बदलतो. नवीनशेजारी जुनी बसली, की पुन्हा तीच विषमता. ती लाइन मात्र तशीच असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

यावर इलाज म्हणजे २४ चे १२ करून देणारा कन्व्हर्टर. हातात मावेल एवढी पेटी असते. ती दोन्ही बॅटऱ्यांकडून सारखं घेते. दोन बॅटऱ्यांच्या किमतीपुढे तिची किंमत किरकोळ आहे. मोबाइलच्या बऱ्याच चार्जरवर ‘१२–२४ व्होल्ट’ असं लिहिलेलं असतं, त्यांना तीही लागत नाही. ज्यावर फक्त १२ लिहिलंय ते थेट २४ वर लावलं की धूर निघतो. हा धडा मात्र लोक पटकन शिकतात, कारण तो लगेच दिसतो.

इन्व्हर्टरचा हिशेब बहुतेक लोक उलटा मांडतात. किटली मोठी, म्हणून ती बॅटरी खाणार. पंखा छोटा, म्हणून तो निरुपद्रवी. प्रत्यक्ष आकडे पाहू. एक लिटर पाणी उकळायला साधारण १०० वॉट-तास लागतात. इन्व्हर्टरमधली गळती धरून ११५. २४ व्होल्टच्या बॅटरीतून ते पाचेक अँपिअर-तास झाले. १३० अँपिअर-तासांच्या जोडीला हे काहीच नाही, तिला कळणारसुद्धा नाही. पण १५०० वॉटची किटली ते काम चार मिनिटांत करते आणि त्या चार मिनिटांत बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत सत्तरहून जास्त अँपिअर वाहतात. १२ व्होल्टच्या पिकअपमध्ये तीच किटली १४० अँपिअर मागेल. घरी भिंतीच्या सॉकेटमधून ती साडेसहा अँपिअर घेते. तिथली वायर पाहून इथली वायर निवडणारा फसतो. किटलीपासून धोका वायरीला असतो आणि रात्रभर चालणाऱ्या उपकरणांपासून बॅटरीला.

तीन मीटर लांब, अडीच एमएमची तांब्याची वायर घ्या. जाऊन-येऊन सहा मीटर. तिच्यातून नुसते २० अँपिअर गेले तरी ०.८ व्होल्ट वाटेतच संपतात आणि सोळा-सतरा वॉट वायरीची उष्णता होतात. ७० अँपिअरला ती उष्णता बारापट. म्हणून हजार-दीड हजार वॉटच्या इन्व्हर्टरला २५ किंवा ३५ एमएमची केबल, क्रिंप केलेले लग आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज लागतो. वीतभर का? फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधल्या वायरीला कुणाचंच संरक्षण नसतं. फ्यूज इन्व्हर्टरजवळ बसवला आणि मधली चार मीटर केबल चॅसीला घासून सोलली गेली, तर बॅटरीची सगळी ताकद तिथे मोकळी होते. सेल्फ फिरवायला शेकडो अँपिअर देणारी बॅटरी आहे ती. पाना चुकून पॉझिटिव्ह आणि चॅसीमध्ये टेकला की जागच्या जागी वेल्डिंग होतं, हे गॅरेजमधली पोरंही सांगतील. म्हणूनच बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह सोडतात. निगेटिव्हवरचा पाना चॅसीला लागला तरी काही होत नाही, दोन्ही एकच असतात. आणि हे काम इंजिन बंद करून करायचं. चालत्या इंजिनवर बॅटरी सोडली तर डायनामोचा दाब एकदम उसळतो आणि केबिनमधलं इलेक्ट्रॉनिक्स जातं.

स्वस्त इन्व्हर्टरच्या खोक्यावर ‘१००० वॉट’ लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा क्षणभराचं असतं. सतत किती, हे बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. शिवाय त्याची लाट पायऱ्यापायऱ्यांची असते. बल्ब, किटली यांना फरक पडत नाही. मिक्सरची मोटर कुरकुरते, तापते. ज्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे आणि सीपॅप मशीन लागतं, अशांनी शुद्ध साइन लाटेचाच इन्व्हर्टर घ्यावा, किंवा मशीनच्या कंपनीचा १२-२४ व्होल्टचा ॲडॅप्टर घ्यावा. यात काटकसर करू नये. आणि इन्व्हर्टर गादीखाली ठेवू नये. त्याला हवा लागते. गादीखाली त्याचा पंखा फक्त आवाज करतो.

रात्रीचा हिशेब उरला. गाडीची बॅटरी सेल्फ मारण्यासाठी बनवलेली, पातळ प्लेटची. क्षणभर भरपूर देणं तिला जमतं, रात्रभर थोडं थोडं देत तळ गाठणं नाही. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी याच्या उलट स्वभावाची. पंखा आणि दिवा मिळून ३० वॉट, आठ तास म्हणजे २४० वॉट-तास. तीन हजारांच्या आसपास साठवणाऱ्या जोडीतला दहावा हिस्साही नाही. निवांत झोपा. त्याच्या जोडीला छोटा फ्रिज आला, टीव्ही आला, की सावध व्हायचं. इंजिन बंद करून बराच वेळ झाला असेल आणि काही चालू नसेल, तेव्हा पूर्ण भरलेली जोडी २५.४ व्होल्ट दाखवते, निम्मी झालेली २४.४, पाव उरलेली २४ च्या आसपास. इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो तो २१ च्या आसपास. तोवर सेल्फ कधीच रुसलेला असतो. इन्व्हर्टर स्वतःला वाचवतो, पहाटेच्या स्टार्टची काळजी त्याला नाही. सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो. २४.४ दिसले की बाकीचं सगळं बंद करावं. भरलेला चौदा चाकी ट्रक धक्कास्टार्ट होत नाही.

आषाढी वारीत हा सगळा प्रश्न एका वेगळ्याच रूपात दिसतो. दिंडीबरोबर सामानाचा ट्रक असतो. त्यात तंबू, भांडी, शिधा, वळकट्या, आणि आता मोबाइलचं चार्जिंग. मुक्कामाला पोचलं की आधी ट्रकच्या फाळक्याशी गर्दी होते. “माउली, माझा तेवढा लावा हो,” म्हणत म्हातारी माणसं साधे फोन पुढे करतात, तरुण मंडळी मोठे. दीडशे फोन, प्रत्येकी दहा वॉट धरले, तरी दीड हजार वॉट झाले. म्हणजे किटलीइतकाच प्रवाह, पण चार मिनिटांऐवजी दोन तास. गळती धरून ती जोडीची सगळी साठवण झाली. इंजिन चालू ठेवलं तरी आयडलिंगवर डायनामो आपल्या पाटीवरचे अँपिअर देत नाही, आणि जागच्या जागी डिझेल जळतं ते वेगळं. इथे छोटा जनरेटरच हवा, किंवा फोन तुकड्यातुकड्यांनी लावावेत. बऱ्याच दिंड्या आता जनरेटर बाळगतात. तो तंबूपासून वीसेक फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवायचा. पावसापासून वाचवायला म्हणून तो ताडपत्रीखाली माणसांजवळ ओढला जातो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो जागं करत नाही. गॅरेजमध्ये, बंद शेडमध्ये चालू ठेवलेल्या ट्रकचंही तेच.

पावसात ओल्या गवतावर पसरलेले एक्स्टेंशन बोर्ड हा दुसरा धोका. ‘बॅटरीवरची वीज, तिचा काय शॉक बसणार?’ असं म्हणणारे भेटतात. बॅटरीच्या २४ व्होल्टचा बसत नाही. इन्व्हर्टरमधून बाहेर पडते ती २३० व्होल्टची वीज, आणि ती महावितरणच्या विजेइतकीच जीव घेते. फसवणूक अशी, की छोट्या इन्व्हर्टरचा आउटपुट बहुधा जमिनीशी जोडलेलाच नसतो. त्यामुळे पहिला बिघाड गप्प राहतो. एका चार्जरची वायर सोलून ट्रकच्या बॉडीला लागली तरी काही होत नाही, कुणाला कळत नाही. दुसऱ्या चार्जरची दुसरी वायर सोलली, आणि ती आणि बॉडी एकाच वेळी कुणाच्या हाताला लागली, की घात होतो. अशा ठिकाणी घरातला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी आणून लावला तरी तो भरवशाचा नाही. न्यूट्रल अर्थशी बांधलेला नसेल तर गळतीला परतीची वाटच नसते. त्याचं टेस्ट बटण दाबलं की तो पडतो, कारण ते बटण स्वतःच्या आतल्या आत गळती निर्माण करतं. त्यावरून अर्थिंग ठीक आहे असं समजू नये. इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात अर्थ कसा करायचा ते पाहावं, बोर्ड जमिनीपासून वर टांगावेत, आणि ओल्या हातांना फक्त यूएसबीची ५ व्होल्टची तोंडं द्यावीत.

अमेरिकेत या प्रश्नाने वेगळंच वळण घेतलं. तिथली पिकअप ही सुताराची, शेतकऱ्याची, बांधकामवाल्याची गाडी. तिच्या हौद्यात घरासारखं ११० ते १२० व्होल्टचं सॉकेट मिळू लागलं ते करवती, ड्रिल चालवण्यासाठी. टोयोटाच्या टकोमामधलं सॉकेट गाडी उभी करून इंजिन चालू असताना ४०० वॉट देतं आणि चालत्या गाडीत फक्त १००. एकाच सॉकेटचे हे दोन आकडे माहीत नसले, की ‘सॉकेट बिघडलं’ म्हणून लोक गॅरेजला जातात. २०२१ च्या फोर्ड एफ-१५० मध्ये हायब्रिड इंजिनाबरोबर २.४ किलोवॉट आले, जादा पैसे मोजले तर ७.२. त्याच वर्षी फेब्रुवारीत टेक्ससमध्ये बर्फाचं वादळ झालं, वीज कित्येक दिवस गेली, आणि फोर्डने आपल्या डीलर्सना सांगितलं की दुकानात उभ्या असलेल्या अशा गाड्या लोकांना वापरायला द्या. फ्रिज, हीटर, दिवे ट्रकवर चालले. ह्यूस्टन-डॅलसमधल्या मराठी घरांनीही तो आठवडा सोसला. त्याच आठवड्यात ऊब मिळावी म्हणून बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवणारी माणसं कार्बन मोनॉक्साइडने दगावली, हेही त्याच बातम्यांत होतं. जपानमध्ये याआधी, २०११ च्या भूकंपानंतर, टोयोटाच्या एस्टिमा हायब्रिडमधल्या १५०० वॉटच्या सॉकेटने असंच काम केलं होतं. आता भारतातही काही विजेवरच्या मोटारी बाहेर वीज देतात. टाटाच्या २०२३ च्या नेक्सॉन ईव्हीला ती सोय आली.

म्हणून एक धोका आधीच सांगून ठेवायला हवा. गाडीत एवढी वीज आहे म्हटल्यावर ती घरात घालायचा मोह होतो. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर बनवायची, एक टोक गाडीत, एक घराच्या सॉकेटमध्ये, आणि सगळं घर उजळवायचं. ती वीज घरापुरती थांबत नाही. मीटरमधून उलटी जाऊन ती गल्लीतल्या डीपीत पोचते. एरवी ११ हजार व्होल्टचे ४३३ करणारा तो ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो, आणि वरच्या तारेवर हजारो व्होल्ट उभे राहतात. लाइन बंद आहे म्हणून खांबावर चढलेल्या लाइनमनला ते माहीत नसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पुराने उपकेंद्रं बुडाली, तेव्हा महावितरणची माणसं याच तारांवर काम करत होती. गाडीतून घराला वीज द्यायचीच असेल तर मध्ये चेंजओव्हर स्विच हवा, तोही परवानाधारक वायरमनने बसवलेला. नाहीतर सरळ एक्स्टेंशन घेऊन फ्रिजला द्यावं, घराच्या वायरिंगला हात लावू नये.

आपल्या ट्रकांकडे परत येऊ. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या सगळ्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. उशिरा आली, पण आली. मे महिन्यात विदर्भातून गाडी काढलेल्या कुणालाही तिची किंमत सांगायला नको. मात्र हा एसी इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, की केबिन पुन्हा तापायला लागते. आणि ड्रायव्हर झोपतो तो नेमका तेव्हा. मग दोनच वाटा उरतात. इंजिन चालू ठेवायचं, तर मोठ्या ट्रकला तासाला अडीच-तीन लिटर डिझेल लागतं आणि मालकाचा फोन येतो. किंवा बाजारात मिळणारा बॅटरीवरचा पार्किंग एसी बसवायचा. तो ६०० वॉट घेतो असं धरलं, तर आठ तासांचे ४८०० वॉट-तास झाले, म्हणजे जोडीच्या साठवणीच्या दीडपट. त्यासाठी वेगळी लिथियम किंवा डीप-सायकल बॅटरी लागते, चालत्या गाडीत ती भरणारा आणि उभ्या गाडीत सेल्फच्या बॅटरीपासून तोडणारा आयसोलेटर लागतो, जाड केबल लागते, फ्यूज लागतो. हा खर्च ड्रायव्हरच्या खिशातून निघणारा नाही. तो निघाला, तर काय दर्जाचं सामान येईल हे किटलीच्या वायरीवरून दिसलंच आहे.

नवी गाडी घेताना मालक ॲव्हरेज विचारतो, हप्ता विचारतो, टायरची कंपनी विचारतो. केबिनमधल्या सॉकेटवर सतत किती वॉट चालतील, इंजिन बंद असताना ते चालू राहतं का, जादा जोडणीसाठी फ्यूजबॉक्समध्ये मोकळी जागा कोणती, हे तीन प्रश्न त्याच टेबलावर विचारता येतात. उत्तरं गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत असतात. ती पुस्तिका सहसा आरसी आणि परमिटच्या फायलीत मालकाच्या ऑफिसमध्ये राहते. तिच्या त्या दोन पानांची झेरॉक्स केबिनमध्ये असली, तर पुढच्या टपरीवरचा मिस्त्री निदान ती पाहून वायर काढेल.